जुलाबाने एका घरातली चार माणसं जातात का? १७७५ च्या मॅसॅच्युसेट्समधली रक्ताची हगवण

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सुनेच्या माहेरच्या घराण्याचा वंशवृक्ष करताना मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावच्या चर्चच्या रजिस्टरचे फोटो तुमच्या हाती लागले, त्यात १७७५ च्या सप्टेंबरात एकाच घरातली तीन मुलं आणि एक म्हातारी अशी चार माणसं तीन आठवड्यांत गेलेली दिसली आणि पुढे कारण म्हणून फक्त दोन शब्द, ब्लडी फ्लक्स. तुम्ही विचारताय की हे म्हणजे आपले जुलाबच ना, मग जुलाबाने एवढी माणसं मरतात का, विहिरीत काही मरून पडलं होतं का, शेजारच्या गावाच्या रजिस्टरात त्याच महिन्यात काहीच कसं नाही, आणि मीठ-साखरेचं पाणी तेव्हा माहीत असतं तर ती मुलं वाचली असती का.

मी नव्वदच्या दशकात सात वर्षं मराठवाड्यात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होते आणि त्यानंतर वीसेक वर्षं इथे बॉस्टनच्या आसपास साथरोगाचंच काम करतेय, म्हणजे कोणाला कधी लागण झाली, कोणाकडून झाली याच्या याद्या करत बसणे. त्यामुळे जुनी पत्रं वाचतानाही माझं डोकं आपोआप यादीच करायला लागतं, त्याला इलाज नाही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, हे जुलाब नव्हेतच. आपल्याकडच्या आज्या यात बरोबर फरक करायच्या, पटकी वेगळी, साधे ढाळ वेगळे आणि रक्ती आव वेगळी. पटकीत माणूस पाण्यासारखा वाहून जातो. आवेत तसं नसतं, त्यात ताप येतो, पोटात पीळ पडतो, मुरडा येऊन माणूस धावतो आणि बसल्यावर येतं काय तर चमचाभर शेंब आणि रक्त, की लगेच परत जावंसं वाटतं, असं दिवसात वीस-तीस वेळा. आतड्याच्या आतल्या अस्तरालाच जखमा झालेल्या असतात. फ्लक्स म्हणजे वाहणं, ब्लडी फ्लक्स म्हणजे सरळ रक्ताची हगवण. त्या काळच्या अमेरिकेत हे शब्द इतके रोजचे होते की पाद्री लिहिताना दुसरं काही स्पष्टीकरण देतच नाहीत.

आता १७७५ च का, तर त्या वर्षीचा उन्हाळा आणि पानगळ न्यू इंग्लंडसाठी फार वाईट गेली आणि आपल्या नशिबाने एका घरातली हकीकत जवळजवळ दिवसागणिक लिहून ठेवलेली आहे. ब्रेनट्री नावाचं गाव, बॉस्टनच्या दक्षिणेला, तिथे ॲबिगेल अ‍ॅडम्स चार मुलांना घेऊन राहत होती, नवरा जॉन अ‍ॅडम्स फिलाडेल्फियात काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला बसलेला. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, पण तेव्हा ती शेती सांभाळणारी एक तिशीतली बाई होती. ते घर आजच्या क्विन्सी शहरात अजून उभं आहे, बघायला मिळतं, आणि आत गेलात की आधी जाणवतं ते हे की खोल्या किती लहान आणि छत किती खाली.

तिच्या पत्रांवरून मी एकदा लाइन लिस्ट केली होती, म्हणजे आम्ही साथीत करतो तशीच, नाव, वय, लागण कधी, पुढे काय. सगळ्यात वर जॉनचा धाकटा भाऊ एलिहू, वय ३४, कॅप्टन, ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास सैन्याच्या छावणीत हगवणीने गेला. मग खुद्द घरात, ऑगस्टच्या शेवटी, आयझॅक नावाचा कामाचा मुलगा. आठवडाभर तो असा विव्हळत होता की घरात कोणालाच झोप नाही. त्याला लागल्यावर दोन दिवसांनी ॲबिगेलला स्वतःला, ती तीन दिवसांत जरा सावरली. त्याच आठवड्यात सुझी नावाची कामवाली मुलगी, तिला तिच्या घरी पोचवलं. मग टॉमी, सगळ्यात धाकटा, तीन वर्षांचा व्हायला आठवडा बाकी. मग ७ सप्टेंबरला पॅटी, दुसरी कामवाली. ८ तारखेच्या पत्रात ती लिहिते की आमचं घर म्हणजे कानाकोपऱ्यात हॉस्पिटल झालंय आणि आजाऱ्यांकडे बघायला शेजारात एक धड माणूस मिळत नाही. गावात त्या एका आठवड्यात आठ जणांना पुरल्याचं तिला माहीत होतं.

हे आठ म्हणजे किती ते बघा. ब्रेनट्रीची वस्ती तेव्हा अडीच-तीन हजारांची. एरवी त्या काळच्या मृत्युदराने धरलं तर वर्षाला पन्नास-साठ माणसं जाणार, म्हणजे आठवड्याला एक. तिथे आठ.

टॉमी वाचला, पण आईच्याच शब्दांत सांगायचं तर मक्यावर पोसलेला धट्टाकट्टा पोरगा पांढराफटक आणि हाडकुळा झाला. पॅटी महिनाभर कुजत पडली, हे मी मुद्दाम कुजत म्हणतेय कारण पत्रात तसंच आहे, दुर्गंधी इतकी की सतत गरम व्हिनेगरने घर पुसल्याशिवाय आत थांबवेना. ऑक्टोबरात ती गेली. आणि मधल्या काळात ॲबिगेलची आई. ती वेमाउथला राहायची, शेजारचंच गाव, तिथल्या पाद्रींची बायको, लेकीच्या घरी सगळे आडवे म्हटल्यावर ती मदतीला यायची. सप्टेंबरच्या मध्याला ती स्वतः पडली, सोळा दिवस झुंजली आणि १ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास गेली.

तुमच्या रजिस्टरातली म्हातारी मला तिथेच दिसते. आता मूळ मुद्दा.

तुम्हाला विहिरीचा संशय आहे आणि तो साहजिक आहे, आपण सगळे साथ म्हटली की आधी पाणी बघतो. मीही बघायचे. एका गावात, नाव नको, रक्ती आवेच्या केसेस निघाल्या, आम्ही धावत गेलो, विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, पाण्यात क्लोरीन उतरलाय का बघायची ओटी टेस्ट केली, छान पिवळा रंग आला, घरोघरी पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या, वर रिपोर्ट पाठवला की पाणी शुद्ध, साथ आटोक्यात. आणि पुढचे पंधरा दिवस केसेस येतच राहिल्या. मला वरून बोलणी बसली ती वेगळीच. शेवटी आमच्या एएनएम ताईंनी, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंनी, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, मॅडम तुम्ही विहीर बघताय, जरा न्हाणी बघा ना. त्यांनी एका घरात नेलं. सासू आजारी, सून दिवसभर तिची लुगडी धुतेय, हात राखेने नाहीतर नुसत्याच पाण्याने विसळतेय, पाणी दोन हंडे कारण टँकर दोन दिवसांनी येणार, आणि त्याच हातांनी पोराला भाकरी कुस्करून भरवतेय. त्या सुनेचा काही दोष नाही, तिच्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण साथ विहिरीत नव्हती, तिथे होती.

आता यामागचं शास्त्र. या हगवणीचा जंतू म्हणजे शिगेला. पटकीला लाखो-कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात, पोटातलं अ‍ॅसिड बहुतेक मारून टाकतं. शिगेला अ‍ॅसिडला दाद देत नाही, दहा ते शंभर जंतू पुरतात. दहा! नखाच्या कोपऱ्यात मावणार नाहीत का? त्यामुळे याला सार्वजनिक विहिरीची गरजच नाही, दाराचा अडसर, दुधाचं भांडं, पाळण्याची दोरी काहीही चालतं. आणि दुसरं, हा जंतू माणसाचाच, गाई-डुकरांत तो राहत नाही, त्यामुळे विहिरीत जनावर मरून पडलं म्हणून पाणी वाईट जरूर होईल पण त्यातून ही हगवण येणार नाही. ती येते माणसाच्या विष्ठेतूनच, आणि लागण झाली की एक ते तीन दिवसांत, कधी आठवड्याभरात आजार दिसतो. आता वरची यादी परत वाचा. आयझॅक, दोन दिवसांनी ॲबिगेल, त्याच आठवड्यात सुझी, मग टॉमी, मग पॅटी. एकाच दिवशी सगळे पडले असते तर मी म्हटलं असतं जेवण किंवा पाणी. इथे एकामागून एक, पायरी-पायरीने पडलेत, म्हणजे माणसाकडून माणसाकडे.

मग त्या घरातली रोजची कामं डोळ्यांसमोर आणा. आजाऱ्याला रात्री थंडीत बाहेरच्या संडासापर्यंत जाववत नाही, खाटेखाली भांडं, ते दिवसातून वीस वेळा कोणीतरी उचलून रिकामं करायचं. गादी म्हणजे पेंढा भरलेली खोळ, ती भिजली की भिजली. पाणी विहिरीतून ओढून बादल्यांनी आणायचं, कपडे धुणं म्हणजे चुलीवर हंडा चढवून दिवसभराचं काम, आणि घरात धडधाकट उरलेली बाई एकच. तीच भांडं उचलणार, तीच दूध काढणार, लोणी काढणार, पाव मळणार. मुलं दोघं-तिघं एका बिछान्यात. त्यात ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे माश्यांचा ऐन हंगाम, अंगणात घोडा, गाय, डुकरं, शेणाचा ढीग, खिडक्यांना जाळ्या नाहीत. माशी भांड्यावरून उठून दुधावर बसते, संपलं. हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, १९८० च्या दशकाच्या शेवटी इस्रायलच्या सैन्यतळांवर नुसते माश्यांचे सापळे लावून बघितलं तर शिगेलाच्या केसेस ८५ टक्क्यांनी घसरल्या. आणि ढाक्यात आजारी घरांना साबण आणि पाण्याचे घडे पुरवले तर घरातल्या पुढच्या केसेस तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. बाकी काहीही न करता. एएनएम ताईंचं म्हणणं मला दहा वर्षांनी जर्नलमध्ये वाचायला मिळालं, असं समजा.

त्याहून वाईट म्हणजे गावपण. त्या काळी न्यू इंग्लंडच्या खेड्यात आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आळीपाळीने जागायची पद्धत होती, वॉचिंग म्हणायचे, आपल्याकडेही उशाला बसतात तसंच. कोणी मेलं की अख्खा गाव घरात. सुझी आजारी पडली, तिला तिच्या आईकडे पोचवली, माणुसकी म्हणून बरोबरच, पण साथीच्या हिशोबात तुम्ही निखारा उचलून दुसऱ्या गंजीत टाकलात. जे घर नातेवाइकांनी भरलेलं, शेजाऱ्यांच्या लाडाचं, तिथे हगवण जास्त फिरते. ॲबिगेलची आई लेकीवर माया होती म्हणून गेली, हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ट्रेनिंगमध्ये सांगते आणि दर वेळी माझाच घसा दाटतो.

गावात मुळात आली कुठून हे तुमच्या रजिस्टरासाठी महत्त्वाचं आहे. एप्रिल १७७५ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई पेटली आणि बॉस्टनमधल्या ब्रिटिश फौजेला वेढा पडला, आजूबाजूच्या केंब्रिज, रॉक्सबरी वगैरे गावांत हजारो शेतकऱ्यांची पोरं येऊन राहिली. ही पोरं आयुष्यात कधी शंभर माणसांत राहिलेली नाहीत, घरच्या शेतावर कुठेही आडोशाला जाऊन बसायची सवय, आता पंधरा-वीस हजार माणसं एकत्र आणि सवय तीच. जॉर्ज वॉशिंग्टनने ३ जुलैला या सैन्याची सूत्रं हातात घेतली आणि दुसऱ्याच दिवशीच्या हुकुमात शौचाचे खड्डे नीट करा आणि वरचेवर मातीने बुजवा असं आहे. त्याला हे कळत होतं कारण त्याने स्वतः भोगलं होतं. १७५५ मध्ये ब्रॅडॉक नावाच्या ब्रिटिश सेनापतीच्या मोहिमेत त्याला हगवण लागली, गाडीत घालून न्यावं लागलं, आणि लढाईच्या दिवशी खोगिरावर उशा बांधून घोड्यावर बसला. दोन वर्षांनी परत तीच, इतकी की सरहद्द सोडून घरी माउंट व्हर्ननला जावं लागलं. ज्याने मुरडा सोसलाय तो खड्ड्याचा हुकूम आधी काढणारच.

पण हुकूम काढून साथ थांबत नाही. छावणीतली पोरं घरापासून चालत एक-दोन दिवसांवर, आजारी पडली की घरी, सुट्टी मिळाली की घरी, कोणाचा बाप बघायला आला की तो परत घरी. कॅम्प डिस्टेंपर असंच नाव पडलं, छावणीचा रोग. म्हणून तुमच्या त्या घरातला कोणी मोठा मुलगा किंवा काका त्या उन्हाळ्यात मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या सैन्यात, होता का हे मी पहिलं शोधेन.

पाण्याचा काही संबंधच नसतो असं मात्र नाही हं. व्हर्जिनियात जेम्सटाउनला १६०७ मध्ये उतरलेले १०४ लोक, पुढच्या जानेवारीपर्यंत अडतीसच उरले. जॉर्ज पर्सी नावाचा त्यातलाच एकजण लिहून गेलाय की भरतीला नदीचं पाणी खारट आणि ओहोटीला गाळ नि घाणीने भरलेलं, आणि तेच पीत होतो. तिथे नदी हीच मोरी आणि तीच विहीर झाली होती, भरती-ओहोटीत घाण पुढे वाहून न जाता तिथल्या तिथे हेलकावत राहायची. तिथे मी पाण्याला पहिला गुन्हेगार धरेन, उपासमार आणि बाकीचे ताप होतेच. पण न्यू इंग्लंडमधली विखुरलेली शेतघरं, ज्याची त्याची विहीर किंवा झरा, तिथे पाण्याने साथ घरोघर जाणं अवघड.

आता मीठ-साखरेचं पाणी. आपल्याकडे १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजून माणसं वाचवली ती पटकीत, आणि पटकीत ते जादूसारखं चालतं कारण तिथे माणूस पाणी गेल्यानेच मरतो. रक्ती आवेत पाणी जातं पण तुलनेने कमी. मूल मरतं ते बऱ्याच वाटांनी. ताप चढून झटके येतात, रक्तातली साखर खाली जाते, सोडियम खाली जातं, आतडं फुगून लुळं पडतं, कधी फुटतं. शिगेलाचा जो सगळ्यात जहाल प्रकार आहे त्याचं विष मूत्रपिंडावर जातं, हगवण थांबत आली म्हणून घरचे हुश्श करतात आणि पोराची लघवी बंद होते. आणि यातून सुटलं तरी जखमी आतड्यातून प्रोटीन गळत राहतं, मूल वाळत जातं आणि महिन्याभराने साध्या खोकल्याने जातं, रजिस्टरात मग कारण खोकला लिहिलेलं असतं. त्यामुळे माझं उत्तर असं की ओआरएसने, म्हणजे या मीठ-साखरेच्या पाण्याने, त्यातली काही वाचली असती, विशेषतः तान्ही, पण जी खरी वाचली असती ती अँटिबायोटिकने, आणि ते यायला पावणेदोनशे वर्षं होती. आमच्या वेळी पीएचसीला नालिडिक्सिक अ‍ॅसिड नावाचं अँटिबायोटिक असायचं, ते सुरू केलं की तिसऱ्या दिवशी पोरगं खायला मागायचं.

त्यांच्याकडे काय होतं ते ऐका. ॲबिगेल त्याच ८ सप्टेंबरच्या पत्रात नवऱ्याकडे फिलाडेल्फियाहून मागवते, एक औंस रेवाचिनी, पाव पौंड जायफळ, एक औंस लवंग, दोन औंस दालचिनी, कारण आजार इतका की इथे औषधंच मिळेनात. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं, जायफळ! माझी आजी सहाणेवर जायफळ उगाळून चाटवायची जुलाबाला, आणि इकडे ॲटलांटिकच्या काठावर हीच बाई तेच मागतेय. जायफळाने निदान अपाय तरी नाही, रेवाचिनीने परत कोठा साफ, म्हणजे आधीच रक्त पडतंय त्याला वरून रेचक. पॅटीला पहिल्याच दिवशी ओकारीचं औषध दिलेलं आहे. डॉक्टर आले की इपिकॅक म्हणजे ओकारी काढणारं मूळ, कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार, वर शीर तोडून रक्त काढणं, आणि कळा सोसवेनात म्हणून अफूचा अर्क. अफूने कळ थांबते हे खरं, माणसाला झोप लागते, पण आतडंही झोपतं आणि जंतू नि विष आतच कोंडतं. आजही म्हणूनच सांगते, शौचातून रक्त पडत असेल तर दुकानातून जुलाब बंद करायची गोळी आणून घेऊ नका, डॉक्टरकडे जा. इपिकॅकची गंमत अशी की त्यातलं एमेटीन हे द्रव्य अमिबामुळे होणाऱ्या आवेवर खरंच चालतं, म्हणजे काही रोगी बरे व्हायचे, त्यांच्या जोरावर ते औषध सगळ्यांना दिलं जायचं.

कोणी म्हणेल मग १७७५ ची साथ अमिबाची कशावरून नाही. अमिबा सावकाश काम करतो, आठवड्यांनी, आणि दोन-दोन दिवसांच्या अंतराने घर आडवं करत नाही. हा घोळ मात्र तज्ज्ञांनीही घातलाय. १९६९ मध्ये ग्वाटेमालाच्या खेड्यांत रक्ती हगवणीची साथ आली, तपासणीत अमिबा दिसले म्हणून अमिबाचे उपचार सुरू झाले, माणसं मरत राहिली, आणि मग कळलं की हा शिगेलाचा तोच जहाल प्रकार. चारेक वर्षांत मध्य अमेरिकेत पाच लाखांवर लोकांना लागण, वीस हजारांच्या आसपास मृत्यू. १७७५ चं ब्रेनट्री कसं दिसत असेल हे मला कोणी विचारलं तर मी ग्वाटेमालाकडे बोट दाखवते, डोंगरातली छोटी गावं, बहुतेक मृत्यू लहान मुलांचे, नंतर म्हातारे. जंतू सापडला तो १८९७ मध्ये जपानमध्ये, कियोशी शिगाला, त्या वर्षी तिकडे नव्वद हजारांवर लोकांना लागण होती आणि पाचातला एक दगावत होता. म्हणजे ॲबिगेलच्या घरानंतर तब्बल सव्वाशे वर्षांनी.

तोवर लोकांना काय वाटायचं? कच्ची फळं, काकड्या, रात्रीचं दव, कुजकी हवा. डिक्शनरीवाला नोआ वेबस्टर, त्याने १७९९ मध्ये साथींचा मोठा इतिहास जमवला आणि धूमकेतू, ज्वालामुखी, भूकंप यांच्याशी त्यांची सांगड घातली. विद्वान लोकांचं असं. पण घरातल्या बाईला ते बरोबर कळत होतं. ॲबिगेल स्वतः आजारी असताना नवऱ्याला बोलवावं असं तिला फार वाटलं, तरी निरोप धाडताना भीती ही की तोही या संकटात ओढला जाईल. म्हणजे हा रोग एकाकडून दुसऱ्याला होतो हे मनात पक्कं होतं, फक्त वाट हातावरून जाते हे कोणी सांगितलेलं नव्हतं. गरम व्हिनेगर वास घालवायला होतं, त्याने जमीन पुसताना थोडे जंतूही मेले असतील म्हणा.

शेजारच्या गावात काहीच नाही, याचं उत्तर अर्धं वैद्यकीय आणि अर्धं कागदाचं आहे. त्याच पत्रात ॲबिगेल सांगते की वेमाउथच्या डॉ. टफ्ट्सकडे साठ-सत्तर रोगी याच आजाराचे आहेत, पण तिकडे मरत नाहीयेत फारसे. सत्तर आजारी आणि रजिस्टर जवळजवळ कोरं! पाद्री मेलेल्यांची नोंद ठेवतो, आजाऱ्यांची नाही. शिवाय ब्रेनट्रीचे पाद्री स्वतःच तेव्हा आजारी पडले होते, असं जिथे झालं तिथे नोंदीच राहून गेल्या असतील. म्हणून कोरं पान दिसलं की गाव सुटलं असं धरू नका.

तुम्ही पुढच्या पिढ्याही बघणार असाल तर १८५० च्या जनगणनेबरोबर मृत्यूंच्या वेगळ्या याद्या आहेत, १ जून १८४९ पासूनच्या वर्षभरात गेलेल्यांच्या, त्यात नाव, वय, महिना, कारण आणि किती दिवस आजारी तो आकडा असतो. तो शेवटचा रकाना मला सगळ्यात बोलका वाटतो. फ्लक्सच्या पुढे कुठे ५, कुठे २१. पाच म्हणजे तापाने किंवा झटक्यांनी गेलेलं पोर, एकवीस म्हणजे पॅटीसारखं. दक्षिणेत याच यादीत गुलामांच्या नोंदी बघितल्यात तर त्या वस्त्यांतही हेच, एका खोपटात आठ-दहा माणसं, आणि मालक सकाळी कामावर हाकलणार.

तुमच्या रजिस्टरात दोन गोष्टी तपासा. तिन्ही मुलांच्या तारखांत किती अंतर आहे, एक-दोन दिवस ते आठवडा असेल तर मी म्हणते तसंच. आणि महिना ऑगस्ट ते ऑक्टोबरच आहे ना, कारण डिसेंबर-जानेवारीत फक्त मुलंच मुलं गेलेली दिसली तर तो बहुतेक घटसर्प, त्याला ते थ्रोट डिस्टेंपर म्हणायचे आणि ती वेगळीच कथा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ओळ अर्धी कापली गेलीय, म्हातारीच्या नावापुढे दुसऱ्या गावाचं नाव असल्यासारखं वाटतं. ते नीट वाचता आलं तर सांगा. ती त्या घरात राहत होती की लेकीकडे मदतीला आली होती, ते त्यावरून कळेल.